थडग्यावरचा ‘आर’: ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांमधील वादांचा इतिहास

दूरचित्रवाणी मालिकेचे चाहते तिच्या कथानकावर आणि पात्रांच्या वागण्यावर जो वाद घालतात, त्याची गणना बहुधा रिकामटेकड्यांच्या उद्योगांत केली जाते. परंतु ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन विज्ञानमालिकेच्या पहिल्या पंचवीस वर्षांचा इतिहास तपासला असता हा वाद मालिकेच्या घडणीचाच एक भाग होता, असे दिसून येते. ज्या सुसंगत भविष्यविश्वाबद्दल पुढे या मालिकेचे कौतुक झाले, ते मूळ ७९ भागांत तयार स्वरूपात नव्हते. तेथे होती ती घाई, तोकडा पैसा, परस्परांचे लेखन न वाचलेले अनेक लेखक आणि त्यातून राहून गेलेल्या चुका. या चुका लिहिणाऱ्यांच्या नजरेतून निसटल्या, पाहणाऱ्यांच्या नजरेतून निसटल्या नाहीत, आणि त्यांचे निराकरण करता करता पाहणाऱ्यांनीच ते विश्व बरेचसे बांधून काढले.

जीन रॉडनबेरी याने निर्माण केलेली ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी या प्रसारण कंपनीवर सुरू झाली आणि ३ जून १९६९ रोजी तिसऱ्या हंगामाअखेर बंद पडली. दर आठवड्याला सुमारे पन्नास मिनिटांची स्वतंत्र कथा, ती लिहिणारा बहुतेक वेळा बाहेरचा लेखक, आणि त्याच्या हाती पात्रांची व यानाची माहिती देणारी एक मार्गदर्शिका, अशी कामाची पद्धत होती. मार्गदर्शिका असली तरी तपशील जुळत नसत. ‘एंटरप्राइझ’ हे यान नेमक्या कोणत्या सत्तेच्या सेवेत आहे, हेसुद्धा आरंभीच्या भागांत पक्के नव्हते. ‘फेडरेशन’ हा ग्रहांच्या संघराज्याचा शब्द प्रथम ऐकू आला तो जानेवारी १९६७ मध्ये, म्हणजे मालिका सुरू होऊन चार महिने उलटल्यावर.

अशा विसंगतींपैकी दोन विशेष प्रसिद्ध आहेत. ‘व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर’ या भागात गॅरी मिचेल या अधिकाऱ्याला अचानक दैवी म्हणावे असे सामर्थ्य प्राप्त होते आणि तो आपल्या जुन्या मित्रासाठी, कॅप्टन कर्कसाठी, मनोबलाने थडगे उभे करतो. त्या दगडावर ‘जेम्स आर. कर्क’ असे कोरलेले पडद्यावर स्वच्छ दिसते, आणि पुढे सर्वत्र मात्र कॅप्टनचे मधले आद्याक्षर ‘टी’ आहे. निर्मितीच्या अंगाने पाहिले तर यात गूढ काहीच नाही. तो भाग मालिका मंजूर होण्यापूर्वीचा नमुना होता आणि नाव पुरते ठरलेले नव्हते. चाहत्यांनी मात्र हे उत्तर गैरलागू ठरवले, कारण ते कथेबाहेरचे होते. त्यांना कथेच्या आतले उत्तर हवे होते: हा दोन मित्रांमधला जुना विनोद असावा, किंवा देवत्वाला पोहोचलेल्या माणसाचीही स्मृती दगा देते हेच त्या थडग्याने दाखवले असावे. दुसरा तर्क लेखकाला सुचला असता, तर तो त्या भागाचा सर्वांत चांगला क्षण ठरला असता.

दुसरी विसंगती स्पॉकच्या हसण्याची. स्पॉक हा व्हल्कन ग्रहावरचा पिता आणि पृथ्वीवरची माता यांचा मुलगा. भावनेवर तर्काची सत्ता चालवणे हा त्याच्या पितृकुळाचा धर्म. परंतु ‘द केज’ या एनबीसीने नाकारलेल्या पहिल्या नमुनाभागात एका परग्रहावरची गुणगुणणारी पाने हाती येताच तो मोकळेपणाने हसतो. या भागात थंड, तर्ककठोर स्वभाव दिला होता तो ‘नंबर वन’ या स्त्री उपकप्तानाला. ते पात्र गाळले गेले तेव्हा तिचा स्वभाव स्पॉकच्या वाट्याला आला. पुढे चित्रीकरणाला वेळ कमी पडू लागल्यावर तोच नाकारलेला भाग नोव्हेंबर १९६६ मध्ये ‘द मिनॅजरी’ या जोडभागात तेरा वर्षांपूर्वीची हकिकत म्हणून वापरण्यात आला, आणि स्पॉकचे हसू अधिकृत झाले. त्यावरून चाहत्यांनी असा निष्कर्ष काढला की व्हल्कन मनुष्य तर्कनिष्ठ जन्मत नाही, तो साधनेने तसा होतो, आणि तरुणपणी ही साधना अपुरी असते. स्पॉकच्या व्यक्तिरेखेचे पुढचे सर्व चरित्र या निष्कर्षावर उभे राहिले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

कथेतील चूक कथेच्या आतच भरून काढण्याचा हा खेळ नवा नव्हता. इंग्रजी धर्मोपदेशक रोनाल्ड नॉक्स याने १९११ मध्ये ऑक्सफर्ड येथे शेरलॉक होम्सच्या कथांवर एक निबंध वाचला आणि बायबलच्या चिकित्सेला वाहिलेल्या जर्मन पंडितांच्या थाटात त्या कथांची छाननी करून पंडितांची थट्टा केली. पण थट्टेचे रूपांतर लवकरच गंभीर छंदात झाले. डॉ. जॉन वॉटसनला त्याची पत्नी एका कथेत ‘जेम्स’ म्हणून हाक मारते, ही आर्थर कॉनन डॉयलची सरळ चूक होती. डोरोथी सेयर्स हिने वॉटसनच्या नावातील ‘एच’ हे आद्याक्षर ‘हेमिश’ या जेम्सच्या स्कॉटिश रूपाचे मानून ती निकालात काढली. कर्कच्या थडग्यावरचा ‘आर’ आणि वॉटसनचा ‘एच’ ही एकाच घराण्याची अक्षरे आहेत. विज्ञानकथेच्या वाचकांना वादाची जागा मात्र दुसरीकडून मिळाली. ह्यूगो गर्न्सबॅक याने एप्रिल १९२६ मध्ये सुरू केलेल्या ‘अमेझिंग स्टोरीज’ या मासिकाच्या पत्रव्यवहारात पत्रलेखकांचे पत्ते छापले जाऊ लागले, त्यामुळे वाचक संपादकाला वगळून एकमेकांना लिहू लागले आणि १९३० पासून त्यांची स्वतःची हौशी नियतकालिके निघू लागली. ‘फॅनझिन’ हे त्यांचे नाव. चाहत्यांनी चाहत्यांसाठी काढलेले अनियतकालिक, असा त्याचा अर्थ सांगता येईल.

‘स्टार ट्रेक’ला वाहिलेले पहिले फॅनझिन ‘स्पॉकअ‍ॅनेलिया’ हे सप्टेंबर १९६७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये निघाले; डेव्हरा लँगसम आणि शर्ना कमरफर्ड या दोघी त्याच्या संपादिका होत्या. साठोत्तरी मराठी अनियतकालिकांशी परिचय असलेल्या वाचकाला त्याची निर्मितीप्रक्रिया वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. मेणाच्या स्टेन्सिलवर टंकलेखन करायचे, चूक झाली तर त्यावर दुरुस्तीचा द्रव फासून पुन्हा अक्षर उमटवायचे, यंत्राला दांड्याने फिरवून एकेक पान काढायचे, मग पाने टेबलाभोवती ओळीने मांडून फेऱ्या मारत गोळा करायची आणि टाचून टपालात टाकायची. अंक हाती पडल्यावर वाचक जे सविस्तर मतपत्र पाठवी, त्याला ‘लॉक’ म्हणत. हे ‘मताचे पत्र’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे आद्याक्षरी रूप होते. लॉक पुढच्या अंकात छापला जाई, त्याला उत्तर त्यापुढच्या अंकात येई, आणि मध्ये महिनेच्या महिने जात. या संथपणाचा एक फायदा असा की रागाच्या भरात लिहिलेले उत्तर छापून येईपर्यंत ते लिहिणारीचाही राग ओसरलेला असे. येथे ‘लिहिणारी’ हा शब्द हेतुपूर्वक वापरला आहे: जुन्या विज्ञानकथा-मंडळांत पुरुषांचे प्राबल्य होते, परंतु ‘स्टार ट्रेक’च्या फॅनझिनांचे संपादन, लेखन आणि पत्रव्यवहार मुख्यतः स्त्रियांनी चालवला.

‘स्पॉकअ‍ॅनेलिया’च्या पहिल्याच अंकात डोरोथी जोन्स हिने व्हल्कन भाषेतील म्हणून एक शब्द योजला: ‘नी वार’, म्हणजे एकाच वस्तूच्या दोन भिन्न रूपांची तुलना करणारी रचना. अर्धा मानव आणि अर्धा व्हल्कन असलेल्या पात्रावरील भाष्यासाठी यापेक्षा नेमका शब्द मिळणे कठीण. पस्तीस वर्षांनी ‘एंटरप्राइझ’ या उपमालिकेत तो एका व्हल्कन यानाचे नाव म्हणून आला आणि २०२० मध्ये ‘डिस्कव्हरी’ या मालिकेत खुद्द व्हल्कन ग्रहाचेच नवे नाव ‘नी’वार’ असे ठरले.

वादाला पुरावा लागतो, आणि पुराव्यासाठी तो भाग पुन्हा पाहता आला पाहिजे. घरोघरी व्हिडिओ यंत्र येण्यापूर्वी ही सोय होण्याचे श्रेय मालिकेच्या अपयशाला द्यावे लागते. १९६७ च्या अखेरीस मालिका बंद होण्याच्या वार्तेमुळे बिजो आणि जॉन ट्रिंबल या दांपत्याने पत्रमोहीम उभारली आणि १ मार्च १९६८ रोजी एनबीसीने एका भागाच्या शेवटी मालिका पुढे चालू राहणार असल्याचे निवेदन करून, आता पत्रे पुरेत, असे अप्रत्यक्षपणे सुचवले. मोहिमेच्या यशाची गोष्ट नेहमी सांगितली जाते. तिचा खरा परिणाम त्याहून व्यावहारिक होता. तिसऱ्या हंगामामुळे भागांची संख्या ७९ झाली आणि तो साठा स्थानिक केंद्रांना रोजच्या पुनःप्रसारणासाठी विकण्याजोगा ठरला. शुक्रवारी रात्री दहा वाजता कोणी न पाहिलेले भाग सत्तरच्या दशकात संध्याकाळी रोज दिसू लागले. चाहते टेलिव्हिजनजवळ ध्वनिमुद्रणयंत्र ठेवून संवाद टिपून घेऊ लागले. जाहिरातींना जागा करण्यासाठी केंद्रे काही प्रसंग कापत असल्याने एका शहरातील प्रेक्षकाने ऐकलेले वाक्य दुसऱ्या शहरातील प्रेक्षकाने ऐकलेलेच नसे, आणि वादात पाठभेदाचा प्रश्नही शिरला. डोरोथी जोन्स हिने पात्रे, ग्रह, याने यांच्या नोंदी कार्डांवर करण्यास सुरुवात केली होती. त्या नोंदींतून बिजो ट्रिंबल हिचा ‘स्टार ट्रेक कॉन्कॉर्डन्स’ हा संदर्भकोश १९६९ मध्ये चाहत्यांपुरता आणि १९७६ मध्ये व्यावसायिक प्रकाशकाकडून निघाला. ‘कॉन्कॉर्डन्स’ हा शब्द मुळात बायबलच्या शब्दसूचीचा. ज्ञानेश्वरीच्या ओवीसूचीशी त्याचे नाते कळण्यास मराठी वाचकाला वेळ लागणार नाही.

या साधनांच्या बळावर वादाचे स्वरूप बदलले. ‘असे कसे झाले?’ या प्रश्नाची जागा ‘तो असे करणारच नाही’ या विधानाने घेतली, आणि हा बदल सर्वांत स्पष्ट दिसतो तो व्हल्कनांच्या सात वर्षांच्या ऋतुचक्रासंबंधीच्या वादात. थिओडोर स्टर्जन या नामांकित लेखकाच्या ‘अमॉक टाइम’ या १५ सप्टेंबर १९६७ रोजी दाखवलेल्या भागात स्पॉक ‘पॉन फार’ने ग्रासला जातो, व्हल्कन पुरुषाला ठरावीक काळाने विवाहासाठी मायदेशी परतायला लावणारी, न परतल्यास प्राणावर बेतणारी ही अवस्था. तिची लाज इतकी, की प्राण जाण्याची वेळ आली तरी तो जिवलग मित्राला, कर्कला, ती सांगायला धजत नाही. अखेर सांगतो तेव्हा प्रत्येक शब्द ओढून काढावा लागतो. यानंतर दीड वर्षाने, फेब्रुवारी १९६९ मध्ये, ‘द क्लाउड माइंडर्स’ या भागात तोच स्पॉक ड्रॉक्सिन नावाच्या नुकत्याच ओळख झालेल्या एका सुंदर तरुणीशी या सात वर्षांच्या चक्राबद्दल सहज गप्पांत बोलतो. येथे तारखांचा किंवा नावाचा घोळ नव्हता, येथे शील मोडले होते. काहींनी ड्रॉक्सिनच्या सौंदर्याचा आधार घेतला, काहींनी ‘अमॉक टाइम’नंतर त्याची भीड चेपली असे मानले; परंतु बहुतेकांनी तो संवादच अप्रमाण ठरवला. पात्राला लेखकापासून वाचवण्याची ही कृती होती, आणि ती योग्यच होती असे म्हणावे लागते, कारण पहिल्या भागातील मौन हे नाट्य होते आणि दुसऱ्या भागातील बोलणे ही केवळ वेळ भरून काढणारी वाक्ये होती.

तितकाच दीर्घायुषी वाद ‘टर्नअबाउट इन्ट्रूडर’ या अखेरच्या भागाने निर्माण केला. त्यात जॅनिस लेस्टर ही स्त्री कर्कशी शरीराची अदलाबदल करते. तिची तक्रार अशी की कर्कच्या यानकप्तानांच्या जगात स्त्रियांना प्रवेश नाही. या एका वाक्याने तेविसाव्या शतकातील समतेचे चित्रच उद्ध्वस्त होत होते, आणि ज्या स्त्रियांनी मालिका जगवली होती त्यांनाच ते सर्वाधिक झोंबले. त्यांनी ते वाक्य कोर्टात साक्ष तपासावी तसे तपासले. साक्षीदार मनोविकाराने ग्रस्त आहे, सबब तिचा शब्द ग्राह्य नाही, हा एक पक्ष. तिला म्हणायचे आहे ते एवढेच, की कर्कच्या महत्त्वाकांक्षी आयुष्यात तिच्यासाठी जागा नव्हती, हा दुसरा पक्ष. ‘द केज’मध्ये नंबर वन कप्तानाच्या अनुपस्थितीत यान सांभाळते, मग कायद्याने बंदी कशी असेल, हा तिसरा. आणि चौथा पक्ष म्हणे की वाक्याचा अर्थ सरळ आहे, लेखक १९६९ मधला पुरुष आहे, आणि सारवासारव करण्यापेक्षा ते मान्य करावे. १९८६ च्या चौथ्या चित्रपटात एका यानाची कप्तान स्त्री दाखवली गेली, परंतु आधीच्या काळाविषयीचा वाद त्याने मिटला नाही.

या वादांतून काही गोष्टी थेट निर्मितीपर्यंत पोहोचल्या. ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’ या लोकप्रिय भागाचा लेखक डेव्हिड जेरॉल्ड याने १९७३ मधील आपल्या पुस्तकात विचारले की चारशेहून अधिक माणसांच्या यानाचा कप्तान दर आठवड्याला अनोळखी ग्रहावर स्वतः का उतरतो. १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेत, जिच्या पूर्वतयारीत जेरॉल्ड सहभागी होता, ग्रहावर तुकडी घेऊन जाण्याचे काम उपकप्तानाकडे देण्यात आले. चाहत्यांचा वाद त्यांच्या स्वतःच्या कथांवरही उलटला. १९७३ मध्ये पॉला स्मिथ हिने ‘मिनॅजरी’ या फॅनझिनमध्ये मेरी स्यू नावाच्या साडेपंधरा वर्षांच्या सर्वगुणसंपन्न लेफ्टनंटची विडंबनकथा लिहिली आणि ‘मेरी स्यू’ ही लेखिकेच्या इच्छापूर्तीसाठी घडवलेल्या पात्राची संज्ञा झाली. शस्त्र धारदार निघाले, पण त्याचा धाक असा बसला की सशक्त स्त्रीपात्र लिहिण्यास अनेक लेखिका कचरू लागल्या.

वाद कोणत्या पुराव्यावर चालवायचा, हा प्रश्न ‘कॅनन’ या शब्दाने सोडवला जाई. धर्मसभेने प्रमाण मानलेल्या ग्रंथांचा संच तो कॅनन; नॉक्सच्या थट्टेतून तो होम्सच्या कथांना लागला आणि तेथून विज्ञानमालिकांकडे आला. १९७३-७४ मध्ये दाखवलेल्या अ‍ॅनिमेशनच्या २२ भागांना ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस रॉडनबेरीच्या कार्यालयाने अप्रमाण ठरवले. तरीही डी. सी. फोन्टाना हिने त्यातील ‘यस्टरइयर’मध्ये रंगवलेले स्पॉकचे बालपण टिकून राहिले, आणि कर्कच्या ‘टी’चा ‘टायबेरियस’ असा विस्तार, जो प्रथम याच अप्रमाण भागांत झाला होता, तो १९९१ च्या चित्रपटात प्रमाण ठरला.

लेखक आणि चाहते समोरासमोर आले ते १९८२ मध्ये. ‘द रॅथ ऑफ खान’ या दुसऱ्या चित्रपटात स्पॉक मरणार असल्याची बातमी चित्रीकरणाआधीच फुटली आणि निषेधाच्या पत्रांचा मारा सुरू झाला. दिग्दर्शक निकोलस मायर याने या मोहिमेला पटकथेतच उत्तर दिले: चित्रपटाच्या पहिल्या काही मिनिटांत, प्रशिक्षणार्थींच्या लुटुपुटुच्या लढाईत, स्पॉक कोसळून ‘मरतो’, कर्क त्यावर विनोद करतो, आणि बातमी म्हणजे एवढेच होते असे समजून सावरून बसलेला प्रेक्षक शेवटी खऱ्या मृत्यूला बेसावध सापडतो. तरी शेवटचा शब्द दिग्दर्शकाचा राहिला नाही. प्राथमिक खेळानंतर नव्या ग्रहावर सुखरूप पोहोचलेली शवपेटी दाखवणारे दृश्य मायरच्या मनाविरुद्ध जोडण्यात आले आणि १९८४ मध्ये स्पॉक परतला.

त्याच चित्रपटाने वादाला आणखी एक मेजवानी दिली. खान नूनियन सिंग हा खलनायक मुळात फेब्रुवारी १९६७ च्या ‘स्पेस सीड’ या भागातला. तेथे त्याला उत्तर भारतातला, बहुधा शीख, असे म्हटले आहे. खान आणि सिंग हे शब्द एकाच माणसाच्या नावात पाहून भारतीय वाचक थबकतो, पण अमेरिकन चाहत्यांचा आक्षेप त्यावर नव्हता. चित्रपटात खान चेकॉव्ह या अधिकाऱ्याला पाहताक्षणी ओळखतो, आणि चेकॉव्ह तर मालिकेत त्यानंतर, दुसऱ्या हंगामात आला. यावर ‘स्टारडेट’चा आधार घेण्यात आला. प्रेक्षकाला नेमके साल कळू नये म्हणून लेखकांनी योजलेला हा मनमानी आकडा. ‘स्पेस सीड’चा आहे ३१४१.९, आणि चेकॉव्ह असलेल्या, पण आठ महिन्यांनी दाखवलेल्या ‘कॅट्सपॉ’चा आहे ३०१८.२. म्हणजे खान यानावर आला तेव्हा चेकॉव्ह आधीच नोकरीत होता, फक्त कॅमेऱ्यासमोर नव्हता. काळ लपवण्यासाठी काढलेल्या आकड्याने काळ सिद्ध करण्याची ही युक्ती कोणत्याही भाष्यकाराला शोभावी.

मायर हा या संप्रदायाला परका नव्हता. १९७४ मध्ये त्याने होम्स आणि सिग्मंड फ्रॉइड यांची भेट घडवणारी कादंबरी लिहिली होती, म्हणजे दुसऱ्याच्या पात्राच्या चरित्रातील मोकळ्या जागा भरण्याचा खेळ तो स्वतःच खेळून आला होता. १९९१ मध्ये सहावा चित्रपट दिग्दर्शित करताना त्याने स्पॉकच्या तोंडी होम्सचे एक प्रसिद्ध तर्कसूत्र घातले आणि ते आपल्या एका पूर्वजाचे असल्याचे त्याला सांगायला लावले. चाहत्यांचे लगेच दोन तट पडले: स्पॉकची आई पृथ्वीवरची, तेव्हा तिच्या वंशावळीत आर्थर कॉनन डॉयल होता, असे एकाचे म्हणणे, आणि होम्स हा खराखुरा माणूस होता, एवढेच यावरून सिद्ध होते, असे दुसऱ्याचे.